बॉनेटखाली – भाग ११ : झाकणाखालचं लोणी

आज इंजिनाच्या तळाचा ऑइल चेंबर उतरवायचा होता. गेल्या आठवड्यात जॅक, स्टँड, दहा नंबरचा पाना, जुनी परात असं सामान जमवायला सांगून मी मोकळा झालो होतो आणि उत्साही मंडळींनी ते जमवलंही असणार. त्यांची क्षमा मागतो. परात राहू द्या कोपऱ्यात, चेंबर आज उतरणार नाही.

याला कारण कोल्हापूरहून आलेलं एक पत्र. घरी वडिलांची १९९७ ची मारुती ८००. वडील पंच्याहत्तरीचे, गाडीवर जीव. गाडी रोज निघते, पण घर ते बँक, बँक ते मंडई, आणि हौस आली तर संध्याकाळी रंकाळा. मागचा भाग वाचून मुलानं ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला पिवळसर लोणी! एक गॅरेजवाला म्हणतो, हेडचं पॅकिंग गेलं, हेड उतरवावं लागेल. दुसरा म्हणतो, काही नको, लिटरभर डिझेल ओतून फ्लश मारू, अर्ध्या तासात इंजिन आतून आरसा. ‘कुणाचं ऐकू?’ असा प्रश्न आहे.

तूर्त कुणाचंच नको.

दुसऱ्या सल्ल्याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे, म्हणून आधी तो सांगतो. १९९० च्या सुमारास माझ्याकडे पहिली पद्मिनी आली. १९७८ चं मॉडेल, माझा हात तिसरा. टॅपेट कव्हर उघडलं तर आत डांबर थापल्यासारखा काळा थर. वय असं होतं की कुणाला विचारणं कमीपणाचं वाटे. रॉकेल ओतलं, इंजिन दहा मिनिटं रेस न करता चालू ठेवलं, नट काढला. काळंशार पाणी भळाभळा बाहेर आलं. ते बघताना जे समाधान मिळालं, ते नंतर नवी गाडी घेतानाही मिळालं नाही. ताजं ऑइल भरलं आणि चौथ्या दिवशी साताऱ्याला निघालो.

खंबाटकीच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. तिथंच इंजिन बंद करायला हवं होतं. ‘एवढा घाट चढून जाऊ’ म्हणून मी गाडी रेटली. माथ्यावर पोचेपर्यंत खालून ठकठक सुरू झाली होती.

मिस्त्रींनी चेंबर उतरवला. ऑइल पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते, पंप तिच्यातून तेल ओढतो. त्या जाळीचं एकही भोक दिसत नव्हतं. मिस्त्रींनी नखानं कड उचलली, तर पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवड निघावी तसा सलग पापुद्रा हातात आला. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची रुपेरी कांती जाऊन खालचं तांबं दिसत होतं. पुढं क्रँक घासायला द्यावा लागला, त्या खर्चाचं आज बोलत नाही. मिस्त्री एवढंच म्हणाले, ‘‘साहेब, गटार साफ केलंत खरं, पण कचरा सगळा नळाच्या तोंडाशी आणून ठेवलात.’’

रॉकेल किंवा डिझेल जुना गाळ विरघळवतं, हे अर्धसत्य आहे. वरवरचा मऊ थर विरघळतो. खालचा कडक थर फक्त सुटतो आणि तुकड्यातुकड्यांनी चेंबरमध्ये उतरतो. ती दहा मिनिटं बेअरिंगमध्ये तेलाऐवजी पाण्यासारखं पातळ काहीतरी फिरत असतं, ते वेगळंच. नट काढल्यावर सगळं बाहेर येतं असंही नाही. थोडं आतल्या वाटांमध्ये राहतं आणि नव्या ऑइलला पातळ करतं. जमायला वीस वर्षं लागलेला गाळ अर्ध्या तासात काढतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, ‘‘आधी जाळी बघणार का?’’

आता पहिल्या गॅरेजवाल्याचं लोणी.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर, किंचित जास्तच, पाणी तयार होतं. विश्वास बसत नसेल तर थंडीत सकाळी गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा, थेंब टपकतात ते हेच. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याच्यासोबत वाफ येते, काजळी येते, न जळलेलं पेट्रोल येतं. इंजिन नीट तापलं तर वाफ आणि पेट्रोल पुन्हा उडून ब्रीदरच्या नळीतून निघून जातं. तापलं नाही तर वाफ आत सापडेल त्या थंड जागी बसते. अशी एक हमखास थंड जागा म्हणजे वरचं झाकण. तिथं पाणी आणि तेल घुसळलं गेलं की लोणी आलंच.

म्हणून नुसत्या झाकणाला लोणी लागलं म्हणजे पॅकिंग गेलं असं होत नाही. डिपस्टिक काढून बघा. पट्टीवरचं तेलही दुधाळ असेल, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर मात्र हेडचा संशय रास्त. (रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार असतानाच उघडायचं, हे या लेखमालेच्या वाचकांना पुन्हा सांगत नाही. सांगितलं.) आपल्या पत्रलेखकानं पट्टीचा फोटो पाठवलाय. तेल काळं आहे, दुधाळ नाही, आणि पाण्याची पातळीही जागेवर आहे. हेडला हात लावू नका.

मग इंजिन तापत का नाही? रोजचे दोन-तीन किलोमीटर हे एक कारण झालं. रेडिएटरचं पाणी लवकर तापतं, तेल सावकाश. काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं नसतं, त्याला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात. तोवर बँक आलेली असते.

पण पत्रात पुढं एक वाक्य सहज म्हणून लिहिलंय आणि आजचा भाग मी त्याच्यावरच खर्च करणार आहे. ‘गाडी उत्तम आहे, टेंपरेचरचा काटा कधी तळ सोडत नाही.’

कधी तळ सोडत नाही! अहो, हेच तर दुखणं. पैजेवर सांगतो, कुणीतरी केव्हातरी या गाडीचा थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकलाय.

हा माझा जुना रागाचा विषय. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचा रखवालदार. पाणी ठरावीक तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. आत मेणाची कुपी असते. मेण वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. ना वायर, ना बॅटरी. ही मेणाची करामत सर्जियस व्हर्नेट यांची, १९३० च्या दशकातली. इंजिनाची इतकी यंत्रणा बदलली, पण मेण अजून टिकून आहे.

आपल्याकडच्या मिस्त्रींनी तो काढायला सुरुवात केली, त्यामागे तेव्हा कारण होतं. बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं रेडिएटर चोंदलेले, व्हॉल्व बंद अवस्थेत अडकायचा, नवा वेळेवर मिळायचा नाही, आणि मे महिन्यात घाटात बॉनेट उघडून उभ्या गाड्यांची रांग. अशा वेळी व्हॉल्व काढून माणसं घरी पोचवणारा मिस्त्री देवासारखाच. पण तात्पुरता इलाज कायमचा झाला. रेडिएटर धुतला, नवा बसवला, पंखा विजेचा आला, तरी ‘तो काढलेलाच बरा, गाडी गार राहते’ हे राहिलंच. गाडीवालाही खूश, काटा खाली म्हणजे तब्येत ठणठणीत. त्या गार गाडीत पेट्रोल जास्त लागतं, त्यातलं काही न जळता तेलात उतरतं, वाफ बाहेर पडत नाही आणि गाळ थरावर थर धरतो.

व्हॉल्व आहे की नाही हे न खोलता कळतं. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी नळीला हात लावा, पंखा आणि पट्ट्यापासून लांब राहून. व्हॉल्व असेल तर नळी बराच वेळ थंड राहते आणि मग एकाएकी गरम होते. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाते. निघालेला जुना व्हॉल्व चालतोय का हे बघायचं तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोरीला टांगा आणि पाणी तापवा. त्याच्या पाठीवर ८२, ८८ असा आकडा असतो, त्याच्या आसपास झडप उघडायला लागली पाहिजे. मी हा प्रयोग पहिल्यांदा आईच्या दुधाच्या पातेल्यात केला. झडप अगदी वेळेवर उघडली आणि पाठोपाठ आईचं तोंडही. तुम्ही वेगळं पातेलं घ्या.

आता पट्टीवरच्या काळ्या तेलाबद्दल, कारण ‘तेल लगेच काळं पडतं’ ही तक्रार दर दुसऱ्या पत्रात असते. चांगल्या ऑइलमध्ये एक द्रव्य असं असतं, जे काजळीच्या कणाकणाभोवती बसतं आणि त्यांना एकत्र येऊ देत नाही. तेलातली जमावबंदीच म्हणा. हुकूम लागू आहे तोवर कण सुटे फिरतात, तेल काळं दिसतं आणि बदलताना कणांसह बाहेर जातं. तेल फार दिवस ठेवलं की द्रव्य संपतं, जमावबंदी उठते आणि घोळके जमतात. तो गाळ. म्हणजे काळं तेल काम करतंय. महिनोन्‌महिने सोनेरी राहणाऱ्या तेलाचाच जुन्या इंजिनात मला जास्त संशय येतो.

परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम असताना पट्टीवरचा एक थेंब टीपकागदावर टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी काळेपणा कडेपर्यंत एकसारखा पसरलेला असेल तर तेलात अजून दम आहे. मध्ये बुंदक्यासारखा काळा ठिपका, त्याला रेघ मारल्यासारखी कड आणि बाहेर नुसतं पिवळं वर्तुळ असेल तर जमाव जमलेला आहे. तेल बदलायची वेळ झाली.

हा रोग फक्त म्हाताऱ्या गाड्यांचा आहे असंही समजू नका. १९८० च्या दशकात जर्मनी आणि ब्रिटनमध्ये काळ्या गाळानं चांगल्या गाड्या आजारी पडल्या. पुढं १९८९ मध्ये ऑइलचा एसजी हा वर्ग आला, तेव्हा त्यात गाळाची कसोटी जास्त कडक झाली. २००२ मध्ये अमेरिकेत टोयोटानं १९९७ ते २००२ या मॉडेलांच्या सुमारे ३३ लाख गाड्यांच्या मालकांना गाळाच्या दुरुस्तीबद्दल पत्रं पाठवली. तिथं आमची चिमुकली मारुती कोण!

तर कोल्हापूरकर, क्रम असा. नवा थर्मोस्टॅट बसवा, आणि त्याआधी रेडिएटर साफ करून घ्या, नाहीतर घाटात मला शिव्या द्याल. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी ब्रीदरची नळी काढून आत बघा. ती चोंदली असेल तर वाफेला बाहेर पडायला जागाच नाही. झाकणाचं लोणी फडक्यानं पुसून घ्या, म्हणजे पुन्हा येतंय का ते कळेल. आणि आठवड्यातून एकदा वडिलांना रंकाळ्याऐवजी जोतिबाला जाऊ द्या. चढ आहे, तेल खरोखर तापेल, दर्शनही होईल.

नवं ऑइल मात्र अजून भरू नका. जोरकस ऑइल जुना गाळ सोडवायला लागतं आणि तो कुठं जाऊन बसतो ते खंबाटकीत मी पाहिलंय. आधी जाळी, मग ऑइल.

जाळीसाठी चेंबर उतरवावा लागेल. परात जपून ठेवा, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत टीपकागदावर थेंब टाकून ठेवा. चेंबरमध्ये काय सापडणार, याचा अंदाज त्यावरूनच बांधू.