दारावरची नोंद

१९५१ साली गांधी स्मारक निधीच्या आधाराने वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झालं, त्या वेळी कुष्ठरुग्णांसाठी काम करायचं म्हणजे वसाहत काढायची, असाच सर्वसाधारण समज होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून तशी संस्था निष्ठेने चालवत होते. पण वसाहतीत गेलेल्याचा आजार गुपित राहत नसे. माणूस घर सोडून गेला की गावाला कारण कळायचंच. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं, स्वतः त्यांच्या अंगाला मालीश केलं, आणि त्या शुश्रूषेची छायाचित्रं देशभर गेली. शास्त्रीबुवांच्या बाबतीत हा उघडेपणाच कलंकावरचा उपाय होता. खेड्यातल्या शेतमजुराला तो परवडणारा नव्हता.

फाउंडेशनचे डॉ. वर्देकर यांनी उलटी दिशा धरली. रुग्णाने संस्थेकडे यायचं नाही, संस्थेने घरोघरी जायचं. गावातल्या प्रत्येक माणसाचं अंग तपासायचं, लोकांना आजार समजावून सांगायचा आणि डॅप्सोनच्या गोळ्या घरीच द्यायच्या. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ही ‘सेट’ पद्धत म्हणून ओळखली गेली. सेवाग्रामच्या परिसरात ती आधी राबवली गेली आणि १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने तीच उचलली. आज ज्याला आपण ‘स्क्रीनिंग’ म्हणतो, त्याचा एक मोठा भारतीय प्रयोग असा वर्ध्याच्या मातीत झाला.

खासगीपणाच्या अंगाने पाहिलं तर या पद्धतीने एकाच वेळी दोन गोष्टी केल्या. उपचार घरी आल्यामुळे आजार झाकून ठेवून जगण्याची सोय झाली. आणि सगळं गाव तपासायचं ठरल्यामुळे कुणाच्या पाठीवर कुठे चट्टा आहे, तो बधिर आहे का, याची नावनिशीवार नोंदवही पहिल्यांदा तयार झाली. संमतीपत्राचा तेव्हा प्रश्नच नव्हता. दाराशी आलेल्या माणसाला उजेडात पाठ दाखवली, हीच संमती. बायकांच्या बाबतीत तेही अवघड, कारण तपासणारा बहुतेक पुरुष असे. नोंदवही कपाटात राहायची, पण ती भरणाऱ्या कार्यकर्त्याला सगळे ओळखायचे. तो सगळ्यांच्या दारी एकदा गेला तर सर्वेक्षण. त्याच दारी दर महिन्याला जाऊ लागला, की शेजारणीला नोंदवही वाचायची गरज उरत नसे.

१९५५ याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला आणि त्यात ‘असाध्य’ स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं एक कारण म्हणून नोंदलं गेलं. सरकारचा एक हात उपचारासाठी नावं लिहून घेत होता आणि दुसऱ्या हाताने त्याच माहितीला हत्याराची धार येत होती. हे कारण कायद्यातून गेलं ते २०१९ मध्ये. रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी कायदाही २०१६ पर्यंत पुस्तकात होता. तेव्हा एखादी बाई चट्टा पदराखाली झाकून ‘काही नाही’ म्हणाली असेल, तर तिला अडाणी ठरवण्याची घाई कुणी करू नये. तिचा हिशोब कार्यक्रमाच्या हिशोबापेक्षा पक्का होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सगळ्यांत आधी सुरू झाला, त्यांत वर्धा होता. वैद्यकाच्या इतिहासात ही घटना गोळ्यांची म्हणून नोंदली जाते. नोंदवहीच्या इतिहासातही ती मोठी आहे. डॅप्सोन वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यावं लागे, त्यामुळे नाव एकदा चढलं की निघायचं नाही. नव्या उपचाराला मुदत होती. ती संपली की रुग्ण ‘उपचारमुक्त’ आणि सक्रिय रुग्णांच्या यादीतून नाव कमी. माहिती पुसली जाणं हा रुग्णाचा हक्क असू शकतो, ही भाषा त्या वेळी कुणी बोलत नव्हतं, पण व्यवहारात त्याच्या जवळ जाणारं काहीतरी घडत होतं. पुढे कुष्ठरोगाचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झालं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत खोकलेवाला, तापवाला आणि चट्टेवाला एकत्र उभे राहू लागले. तज्ज्ञ कार्यकर्ते कमी झाल्याचं नुकसान झालंच, पण कुणाचा आजार कोणता हे रांगेवरून ओळखता येईनासं झालं.

सिकलसेलची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर भागातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, आणि विदर्भात हा आजार आहे हे जगाला कळलं. राज्याचा नियंत्रण कार्यक्रम २००८ नंतर टप्प्याटप्प्याने पसरला. वर्धा जिल्हा त्यात आहे. शाळा-महाविद्यालयांत रक्ततपासणी झाली की निकालानुसार रंगीत कार्ड हातात: वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल. हेतू सरळ आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते, तेव्हा लग्नाआधी कार्डं पाहा. पण रंग लांबून दिसतो. वर्गात सगळ्यांसमोर कार्डं वाटली, तर आतला मजकूर न उघडताच फुटतो, आणि लग्नाच्या बाजारात वाहक मुलगा व वाहक मुलगी यांना लागणारा भाव सारखा नसतो. वाहक हा रुग्ण नव्हे, हे समुपदेशनात सांगतात. रंगाला ते सांगता येत नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं, आणि कार्डांच्या जोडीला आता पोर्टलही आलं.

एचआयव्हीने मात्र वेगळी शिस्त आणली. तपासणीआधी समुपदेशन, लेखी संमती, निकाल फक्त ज्याचा त्याला. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, नोंदी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी थेट संस्थेवर टाकली. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्याच कायद्यातही गोपनीयतेचं कलम आहे. कुष्ठरोग आणि सिकलसेल, म्हणजे वर्ध्याने जे दोन आजार सगळ्यांत जवळून पाहिले, त्यांना असं स्वतंत्र कवच मिळालं नाही.

मग करोना आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणातल्या लोकांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. दारांवर फलकही लागले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा खास आदेश नसेल तर असे फलक लावू नयेत. मधल्या काळात, १५ सप्टेंबरपासून, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत राज्यभर घराघरांतून ताप, ऑक्सिजनची पातळी आणि मधुमेह-रक्तदाबासारखे जुने आजार विचारले गेले. भीतीच्या त्या दिवसांत माहिती कुठे जाते, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.

आज हिंगणघाट असो की आर्वी, तपासणीची सुरुवात ‘सीबॅक’ फॉर्मने होते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताई तो भरतात. तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखर आहे का, असं विचारून गुण द्यायचे; चारापेक्षा जास्त झाले तर तपासणीला आधी पाठवायचं. प्रश्न इथे थांबत नाहीत. अंगावर बधिर चट्टा आहे का, स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जातं का, हेही त्यात आहे. शिवाय फोन नंबर आणि ओळखपत्राचा क्रमांक. आणि विचारते कोण? आशा त्याच गावची रहिवासी असावी, शक्यतो सून असावी, असा २००५ पासूनचा निकष आहे. त्यामुळे दार उघडतं, हे खरं. पण ‘संबंधानंतर रक्त जातं का’ हे चुलत जावेला खरं सांगायचं, आणि तेही सासू ओसरीवर बसलेली असताना, ही अपेक्षा फॉर्म बनवणाऱ्यांनी फार विचार करून ठेवलेली दिसत नाही. बऱ्याच घरी त्या रकान्यात ‘नाही’ येत असेल, तर दोष आशाताईंचा नाही. तुटपुंज्या मोबदल्यावर सगळ्या गावाची गुपितं सांभाळणाऱ्या त्या आहेत, आणि ती त्या बहुतेक वेळा सांभाळतातही.

कागदावरचा फॉर्म पुढे उपकेंद्रात टॅबवर चढतो. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या डिजिटल मोहिमेतला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक त्याला जोडता येतो. तो ऐच्छिक आहे; संमती मागे घेता येते, असं धोरणही सांगतं. शिबिरात आजीचा ओटीपी नातवाच्या मोबाइलवर येतो, नातू तो मोठ्याने वाचून दाखवतो, आणि संमती झालेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्याने ठप्प झाले, तेव्हा देशातल्या सगळ्यांत नामांकित इस्पितळावर कागदी कामकाजाकडे वळण्याची पाळी आली. तालुक्याच्या कपाटातली वही फुटली तर तालुक्यात बोभाटा होई. सर्व्हर फुटला तर त्याला वेस नाही.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती; झालेल्या कायद्यात तो वर्गच नाही. सरकारी लाभ देताना राज्यसंस्थेला सवलत आहे. आणि नावाप्रमाणेच हा कायदा डिजिटल माहितीपुरता: आशाताईंच्या पिशवीतला फॉर्म टॅबवर चढेपर्यंत त्याच्या कक्षेत येत नाही, म्हणजे ज्या टप्प्यावर गावात गोष्ट फुटते नेमका तोच टप्पा मोकळा.

गंमत अशी की या सगळ्यावरचा सर्वांत विचारी तोडगा पुन्हा कुष्ठरोगाच्याच कामात सापडतो. रुग्ण आढळला की घरच्यांना आणि शेजाऱ्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एक डोस द्यायचा असतो. शेजाऱ्याला डोस का देताय, याचं उत्तर देताना रुग्णाचं नाव उघडं पडू शकतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात आधी रुग्णाची संमती घेण्याची अट आहे. तो नाही म्हणाला, तर शेजाऱ्यांपर्यंत जायचं नाही. रोग थांबवण्याच्या घाईला इथे रुग्णाच्या शब्दाचा लगाम मिळाला आहे.

२०२५ मध्ये महाराष्ट्राने कुष्ठरोग ‘अधिसूचित’ केला. आता खासगी डॉक्टरलाही निदान झालं की आरोग्य यंत्रणेला कळवावं लागतं. म्हणजे दत्तपूर टाळून, सरकारी दवाखाना टाळून शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे गुपचूप जाण्याची वाटही नोंदीतूनच जाते. कुष्ठरोगाचा प्रसार थांबवण्याचं राष्ट्रीय लक्ष्य २०२७ चं आहे. माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तोवर घरोघरच्या शोधमोहिमा त्याच फॉर्मवर चालू राहतील.