प्रश्नातल्या एका क्रियापदाची करामत

चाकणच्या तळेगाव चौकात सेकंड शिफ्टला जाणाऱ्या बसेसची गर्दी. अशात एक टेम्पो मोटारसायकलला लागतो आणि मिनिटभरात बघे जमतात. त्यातल्या एकाला विचारा, "टेम्पो घासला तेव्हा स्पीड किती होता?" दुसऱ्याला विचारा, "टेम्पोने उडवलं तेव्हा स्पीड किती होता?" दुसरा बहुधा जास्त आकडा सांगेल. आणि तो खोटं बोलत नसेल!

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली हेच करून पाहिलं. ४५ विद्यार्थ्यांना अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. सौम्य क्रियापद ऐकणाऱ्यांनी वेग सांगितला सरासरी ताशी ५१ किलोमीटर, जोरकस क्रियापद ऐकणाऱ्यांनी सुमारे ६५! थक्क करणारी गोष्ट तर पुढेच आहे. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, "फुटलेली काच दिसली होती का?" जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

मग ती काच आली कुठून? आठवण ही सीसीटीव्हीचं फुटेज नाही, दर वेळी नव्याने शिवलेली गोधडी आहे. तुकडा कमी पडला की मन हाताला येईल ते ठिगळ लावतं, आणि विचारणाऱ्याचा शब्द तर अगदी हाताशीच असतो. आपल्या १८७२च्या पुरावा कायद्याने सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना, सूचक प्रश्नांना आडकाठी घातली होती. प्रयोगाच्या तब्बल १०२ वर्षं आधी!

हे सगळं न्यायवैद्यक मानसशास्त्रात येतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला मुख्य विषयासोबत मायनर घेता येतो. जिथे हा मायनर मिळेल तिथे तो जरूर घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. ओळख परेडमध्ये संशयितासोबत त्याच्यासारखी दिसणारी माणसं का उभी करतात? पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब घेणारा पोलीस गणवेशात का नसतो? इथे त्याची उत्तरं सापडतात.

आणि पुण्यातला एक खटला! २००८ साली सत्र न्यायालयाने खुनाच्या प्रकरणात दोषी ठरवताना 'बीईओएस' चाचणीचाही आधार घेतला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं ऐकवायची, माणसाने अवाक्षरही बोलायचं नाही. प्रत्यक्ष अनुभवलेलं मेंदूच्या लहरींतून कळतं, असा दावा. पण ठिगळ कुठलं आणि मूळ कापड कुठलं, हे यंत्राला कसं कळावं? मला तरी तो दावा पटत नाही. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींवरचं ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करायला मनाई केली.

तेव्हा चौकात अपघात दिसला, तर साक्षीदाराला "कसं उडवलं हो?" असं विचारू नका. "काय पाहिलंत?" एवढंच विचारा.