कोसळत्या सर्व्हरची शेवटची नोंद

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये एखादा लिनक्स सर्व्हर कोसळला, तर कारण शोधायला हाती उरते ती कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, अखेरच्या क्षणी लिहिलेली नोंद.

● साठवण : २०११ साली लिनक्समध्ये आलेली ‘पीस्टोअर’ यंत्रणा ही नोंद रीस्टार्टनंतरही टिकेल अशा जागी ठेवते.

● धोका : एका वेळी एकानेच लिहावं म्हणून नोंदीआधी लॉक घ्यावं लागतं. कोसळताना लॉक धरलेला प्रोसेसरच थांबवला गेला, तर ते लॉक सुटत नाही, वाट पाहणारा कोड तिथेच अडकतो.

● म्यूटेक्स नको : या प्रकारचं लॉक वाट पाहणाऱ्या कोडला झोपवतं, कोसळताना पुन्हा उठवणारं कुणी नसतं.

● ट्रायलॉक : लॉक मिळालं तर लिहा, नाही तर पुढे चला. पॅनिकच्या, म्हणजे कर्नल कोसळण्याच्या, वेळी पीस्टोअर हेच करते.

एक नोंद हुकली तरी चालेल. मशीन पुन्हा सुरू झालंच पाहिजे.