दाढीची खाज : कारणे आणि उपाय

दाढी खाजते ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवावी असे कोणास वाटत नाही. कोणी बोललेच तर ऐकणारे हसतात आणि न्हाव्याकडे जाऊन ती उतरवून टाकण्याचा सल्ला देतात. त्यामुळे खाज सुटलेला गृहस्थ काही दिवस निमूटपणे खाजवीत राहतो, आणि असह्य झाले म्हणजे बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानातून एखादी मलमाची नळी घेऊन येतो. हा शेवटचा मार्ग पुष्कळदा मूळ दुखण्याहून अधिक घातक ठरतो, आणि त्याचा उपद्रव घरातील बायकामुलांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

खाज हे काही एका रोगाचे नाव नव्हे. ती निरनिराळ्या कारणांनी सुटते, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्यास उलट बाधतो. तेव्हा औषध शोधण्यापूर्वी आरसा घेऊन उजेडात बसावे आणि केसांखालची कातडी नीट न्याहाळावी.

कातडी स्वच्छ असून केवळ टोचल्यासारखी खाज येत असेल, आणि दाढी नुकतीच राखावयास घेतली असेल, तर काळजीचे कारण नाही. पात्याने कापलेल्या केसाचे टोक धारदार झालेले असते. दाढीचा केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे पहिले काही आठवडे ही आखूड, ताठ टोके कातडीस बोचत राहतात. तीन-चार आठवड्यांत केस लांबून लवतात आणि खाज आपोआप ओसरते. पुष्कळ तरुण दुसऱ्याच आठवड्यात कंटाळून दाढी उतरवितात आणि पुढे पुन्हा राखावयास घेतात. त्यांच्या वाट्यास हा त्रास पहिल्यापासून येतो. येथे धीर हेच औषध होय.

कातडी कोरडी व ताणल्यासारखी वाटत असेल तर दोष बहुधा साबणाचा असतो. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, आणि वडीचा साबण क्षारधर्मी. दिवसातून तीन-तीन वेळा तो चोळला म्हणजे कातडीचा नैसर्गिक स्निग्धपणा धुऊन जातो. दिवसातून एकदा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने दाढी धुवावी, फेस पूर्णपणे काढून टाकावा, पंचाने टिपून घ्यावे आणि ओलसर कातडीवर खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब बोटांनी जिरवावेत.

केस कुरळे असून, गुळगुळीत दाढी केल्यानंतर दोन-तीन दिवसांनी गळ्यावर व जबड्याखाली पुटकुळ्या येत असतील, तर केस उलटे वळून कातडीत शिरत आहेत असे समजावे. वस्तरा उलटा फिरविल्याने, कातडी ताणून धरल्याने आणि पाते एकाच जागी वारंवार ओढल्याने हे वाढते. अशा माणसाने महिनाभर पाते लावू नये. पुढे दाढी करावयाची तर प्रथम कोमट पाण्याने केस भिजवून दोन-तीन मिनिटे साबणाचा फेस राहू द्यावा, नवे पाते घ्यावे आणि केसांच्या वाढीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावे. यंत्राने कापून एखादा मिलिमीटर केस राखणे सर्वांत उत्तम. रुतलेले केस नखाने उकरू नयेत. जखम पिकते आणि काळा डाग मागे राहतो.

दाढीत, मिशीखाली, भुवयांत व नाकाच्या कडांना पिवळसर तेलकट कोंडा दिसत असेल, तर कारण निराळेच. प्रत्येकाच्या कातडीवर राहणारी एक सूक्ष्म बुरशी तेथील तेलावर वाढते. तिला मॅलसेझिया म्हणतात. येथे तेल चोळणे म्हणजे तिला खाऊ घालणेच होय. कीटोकोनाझोल असलेल्या शाम्पूचा फेस दाढीत पाच मिनिटे राहू देऊन आठवड्यातून दोनदा धुतल्यास तीन-चार आठवड्यांत बहुतेकांस उतार पडतो. कोंडा पुढेमागे परततो; परतला की हाच क्रम पुन्हा धरावा.

पिकलेली दाढी काळी करण्याच्या हौसेतूनही खाज उद्भवते. केसांच्या बहुतेक काळ्या कलपांत पीपीडी नावाचे रसायन असते, आणि काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही ते पुष्कळदा मिसळलेले असते. कलप लावल्यानंतर दोन-तीन दिवसांत चेहरा खाजला, सुजला किंवा पाझरू लागला, तर तो कलप जन्मात पुन्हा लावू नये. दुसऱ्या खेपेस त्रास अधिक जोराने होण्याचा संभव असतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या कारणाकडे वळू. खाजेच्या जागी गोल, कडेने लाल व उंचावलेला चट्टा दिसला, किंवा दाढीत पुवाच्या गाठी येऊन केस सहज सुटू लागले, तर तो नायटा, म्हणजेच गजकर्ण असण्याचा दाट संभव आहे. पॅरिस येथील डॉ. डेव्हिड ग्रूबी यांनी १८४२ साली सूक्ष्मदर्शकाखाली रोग्यांच्या दाढीच्या केसांच्या मुळाशी बुरशी दाखवून दिली, आणि हा विकार संसर्गाने पसरतो हे स्पष्ट झाले. बुरशी केसाच्या मुळापर्यंत उतरत असल्यामुळे दाढीचा नायटा नुसत्या मलमाने सहसा बरा होत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पोटात गोळ्या घ्याव्या लागतात.

शेतकरी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. वासरांच्या डोळ्यांभोवती व तोंडावर राखाडी, खरबरीत खपल्या दिसतात, तोही पुष्कळदा नायटाच असतो, आणि त्यांना कवटाळणाऱ्या, धारा काढणाऱ्या माणसांस तो लागतो. गोठ्यातून आलेला हा नायटा दाढीत फार दुखऱ्या गाठी आणतो. तेव्हा गुरांस पशुवैद्यास दाखवावे आणि गोठ्यातील काम उरकल्यावर हात-तोंड साबणाने धुवावे.

आणि ती मलमाची नळी? दुकानात मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखे जोरदार स्टेरॉइड असते. ते लावताच दोन दिवसांत खाज थांबते व लाली मावळते. रोगी औषधाचे गुण गातो. पण कातडीची प्रतिकारशक्ती दबलेली असल्यामुळे बुरशी आत निर्धास्त पसरत राहते, आणि मलम थांबविताच चट्टा दुप्पट होऊन परततो. चेहऱ्याची कातडी पातळ पडते, तिच्यावर लाल रेषा व मुरमे उठतात. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायटा फार हट्टी झाला आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव २०२० साली मिळालेली बुरशी नेहमीच्या गोळ्यांनाही पुष्कळदा दाद देत नाही. आणि नायट्याच्या या फैलावास अशा मलमांचा गैरवापर हे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. भारत सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या यादीत घातली आहेत. तरी नळीवरील बारीक अक्षरे वाचल्यावाचून, अगर वाचून घेतल्यावाचून, चेहऱ्यास काहीही लावू नये.

घरात एकास नायटा झाला असता त्याचा पंचा, उशीचा अभ्रा व कंगवा वेगळा ठेवावा, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत, आणि इतरांच्याही अंगावर चट्टे आहेत काय ते पाहावे. मुलांस तो डोक्यात होतो व केस झडतात. एकावर उपचार करून बाकीच्यांकडे दुर्लक्ष केले, तर रोग घरातल्या घरात फिरत राहतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीच्या व गोमंतकाच्या दमट हवेत, भिजलेली दाढी पुसून कोरडी करण्याचा आळस करू नये.

न्हाव्याकडे बसताना नवे पाते आपल्या डोळ्यांसमोर लावण्यास सांगावे. आपला पंचा आपण न्यावा. तुरटीचा एकच खडा दहा जणांच्या गालांवरून फिरतो, तो नम्रपणे नाकारावा. 'ब' प्रकारच्या काविळीचे विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकू शकतात. चांगला कारागीर अशा मागणीने रागावणार नाही.

गोल चट्टे, पुवाच्या गाठी, ताप, झडणारे केस, किंवा चार आठवडे काळजी घेऊनही न हटणारी खाज यांपैकी काही दिसल्यास सरकारी दवाखान्यात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. फोड वारंवार येत असतील तर रक्तातील साखरही तपासून घ्यावी. गोळ्यांचा क्रम चट्टा दिसेनासा झाला म्हणून मध्येच सोडू नये. घरच्या माणसांनीही या तक्रारीस हसू नये; हसण्याच्या भीतीने ती लपविली जाते, आणि लपविलेला नायटा घरभर होतो.