दोन जुने हातरुमाल

चिनी ऐतिहासिक प्रेमकथांमध्ये 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य फार क्वचित ऐकू येते. तरीही पाहणाऱ्याचे डोळे पाणावतात. असे का होते?

वडिलांनी काठीने बेदम मारल्यामुळे बाओयू अंथरुणाला खिळला आहे. त्याची आतेबहीण दाईयू त्याला पाहून गेली, तेव्हा रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून बाहेर चाहूल लागताच ती मागच्या दाराने निघून गेली. आता रात्री बाओयू दासीला तिच्याकडे पाठवतो आहे. पण काही निमित्त नसताना जायचे कसे, असा दासीला प्रश्न पडतो. मग तो दोन हातरुमाल देतो, तेही जुने, वापरलेले! बाईसाहेब रागावतील, अशी दासीला भीती वाटते. तो मात्र निर्धास्त आहे. तिला कळेल, याची त्याला खात्री आहे.

दाईयूलाही क्षणभर अर्थ लागत नाही. मग एकाएकी उमगते आणि ती हलून जाते. नवी वस्तू कुणालाही पाठवता येते. वापरलेली वस्तू आपल्या माणसालाच दिली जाते. ती दिवा लावते, शाई उगाळते आणि त्या रुमालांवरच कविता लिहिते. चिनी भाषेत 'रेशीम' आणि 'झुरणे' या शब्दांचा उच्चार सारखाच आहे, हे ध्यानात घेतले की त्या रुमालांचा अर्थ आणखी गहिरा होतो.

हा प्रसंग अठराव्या शतकातील लेखक त्साओ श्वेछिन यांच्या 'लाल महालातील स्वप्न' या कादंबरीतला. चीनच्या दूरदर्शनवर 1987 मध्ये तिच्यावर 36 भागांची मालिका झाली आणि दाईयू घराघरांत पोहोचली.

बोलायची सोय नव्हती

या अबोलपणामागे नुसता लाजाळूपणा नव्हता. लग्न आईवडील आणि मध्यस्थ ठरवत. वस्तू देताघेतानाही स्त्री-पुरुषांच्या हातांचा स्पर्श होऊ नये, असा दंडक होता. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील तत्त्वज्ञ मेन्सियस यांना कुणीतरी विचारले होते, की वहिनी बुडत असेल तर हात द्यायचा की नाही? न देणारा माणूस नव्हे, लांडगा, असे त्यांनी उत्तर दिले. पण असा प्रश्न पडावा, यातच सारे आले. म्हणून मनातले सांगायचे काम केसांतला काटा, हातरुमाल, पुढे केलेला चहाचा पेला अशा वस्तूंकडे आले.

राजवाड्यात तर बोलणे जिवावर बेतणारे होते. 2011 मध्ये आलेल्या, 76 भागांच्या 'झेन हुआन' मालिकेत नायिका सम्राटाची राणी आहे आणि तिच्यावर जीव लावणारा राजपुत्र सम्राटाचाच भाऊ. राजवाडा सोडून ती मठात राहत असताना तापाने फणफणते. तेव्हा राजपुत्र स्वतः बर्फात पडून राहतो आणि आपल्या गारठलेल्या अंगाने तिचा ताप उतरवतो. तिची कागदात कातरलेली छोटी आकृती त्याने केव्हापासून जवळ जपून ठेवलेली असते. पुढे संशयी सम्राट त्याला विष देण्याचे काम तिच्यावरच सोपवतो. राजपुत्र गुपचूप पेल्यांची अदलाबदल करतो आणि विषाचा पेला स्वतः पितो. त्यानंतर तिला सम्राटासमोर जायचे असते, चेहऱ्यावर काहीही दिसू न देता. तिची भूमिका करणाऱ्या सुन ली या अभिनेत्रीची सारी भिस्त डोळ्यांवर आहे.

अबोल्याची किंमत

म्हणून या कथा अबोल्याचे निव्वळ गोडवे गातात असे नाही. दिग्दर्शक आंग ली यांच्या 2000 सालच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' या चित्रपटात ली मू-बाई आणि यू शू-लिएन यांचे वर्षानुवर्षे एकमेकांवर प्रेम आहे. पण तिचा वाग्दत्त वर हा त्याचा मानलेला भाऊ होता आणि तो मारला गेला. त्याच्या स्मृतीचा मान राखायचा म्हणून दोघेही गप्प राहतात. एकदाच, चहा घेताना, मू-बाई तिचा हात आपल्या गालाशी धरतो. पुढे विषबाधेने तो मरणाच्या दारात असतो. उरलेला श्वास ध्यानासाठी वापर, असे ती विनवते. तो मात्र त्याच श्वासात प्रेमाची कबुली देतो. ती तिला ऐकू येते, पण आता दोघांच्या हाती काहीच उरलेले नसते.

सबटायटल्सच्या मदतीने अशा मालिका आणि चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात. पाहताना घरातली माणसे आठवतात. न सांगता चहा पुढे करणारी, उशीर झाला की दाराशी उभी राहणारी. त्यांचे प्रेम आपल्याला कळते, दाईयूला रुमालांचा अर्थ कळला तसे. पण मू-बाई आणि शू-लिएन यांच्यावर होते तसले कुठलेच बंधन आज आपल्यावर नाही. मग कधीतरी ते शब्दांत सांगायला काय हरकत आहे?