धावणाऱ्या मुलीचा हलका आठवडा

कुपवाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीची माणसं यायच्या आधी, रस्ते मोकळे असतात तेव्हा, मुली धावताना दिसतात. कुणाला पोलीस भरती गाठायची असते, कुणाला निमलष्करी दलात जायचं असतं, कुणाचा डोळा साताऱ्याच्या डोंगरातल्या अर्धमॅरेथॉनवर असतो. आपल्या गटातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना यात आहेत, आणि काही जणी स्वतःही धावू लागल्या आहेत. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते धावण्याबद्दल नाही, तर धावणं मधूनमधून कमी कसं करायचं याबद्दल.

घरी आपण काय म्हणतो? "भरती तोंडावर आली, आणि आज सुट्टी कशाची?" बोलण्यामागे काळजीच असते. पण शरीराचा हिशोब वेगळा आहे. धावताना ताकद वाढत नाही, खर्च होते. स्नायूंना बारीक इजा होते, हाडांवर ताण येतो. ती झीज भरून काढताना शरीर आधीपेक्षा थोडं मजबूत होतं, आणि हे काम झोपेत आणि विश्रांतीत चालतं. रानाला पाणी दिलं की आपण लगेच कुळव घालत नाही, वाफसा येऊ देतो. तसंच हे आहे.

हाडाची गोष्ट तर नीट समजून घ्यायला हवी. ताण आला की शरीर हाडाचा झिजलेला भाग आधी काढून टाकतं आणि मग तिथं नवा भरतं. काढायला काही आठवडे लागतात, भरायला त्याहून जास्त. मधल्या काळात ते हाड थोडं कच्चं असतं. दम टिकू लागतो, पाय हलके वाटतात, म्हणून मुलगी अंतर वाढवत जाते, पण हाड अजून मागेच असतं. मग नडगी दुखू लागते, आणि तरीही रेटलं तर हाडाला बारीक चीर जाते. त्यात महिने जातात आणि भरतीची एक संधी हातची जाते.

यावर उपाय साधा आहे: तीन आठवडे चढते, चौथा हलका. आकड्यांत सांगतो, पेन्सिल घ्या. समजा मुलगी पहिल्या आठवड्यात 20 किलोमीटर धावली, दुसऱ्यात 22, तिसऱ्यात 24. चौथ्यात 26 करायचे नाहीत, 16 करायचे. म्हणजे साधारण एक तृतीयांश कमी. पाचव्या आठवड्यात पुन्हा 22 पासून सुरुवात, मग 24, मग 26, आणि आठवा आठवडा परत हलका.

दिवस कसे लावायचे? 24 च्या आठवड्यात ती पाच दिवस 4, 4, 5, 3 आणि रविवारी 8 किलोमीटर धावत असेल, तर हलक्या आठवड्यात चार दिवस 3, 4, 4 आणि रविवारी 5. वेग असा ठेवायचा की शेजारी धावणाऱ्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता यावं. 800 मीटरची तयारी करणारीनं वेगाचा सराव अगदीच सोडायचा नाही, पण 200 मीटरच्या सहा फेऱ्या मारत असेल तर तीनच माराव्यात. जी नुकतीच धावायला लागली आहे किंवा जिची नडगी आधी दुखून गेली आहे, तिनं दोन आठवडे चढते आणि तिसरा हलका ठेवला तरी चालेल.

आता आपल्या घरातली गोष्ट. मुलगी कमी धावते म्हटल्यावर तिच्या हाती दुसरं काम येतं. पाण्याच्या घागरी, धुण्याची बादली, द्राक्षबागेत दिवसभर उभ्यानं विरळणी, हळद काढणी. पायाला हे सगळं ओझंच. कागदावर आठवडा हलका आणि अंगावर मात्र दुप्पट, असं झालं तर काही उपयोग नाही. बेंदराला आपण बैलाचे खांदे मळतो, त्या दिवशी जू ठेवत नाही. गाडी सोडून नांगराला जुंपला तर त्याला विश्रांती कशी म्हणायची? म्हणून उलट करा. ज्या आठवड्यात घरात लग्न आहे, बागेत गडबड आहे, परीक्षा आहे किंवा कारखान्यात रात्रपाळी आहे, तोच आठवडा धावण्याचा हलका धरा. पाळीत कुणाला फार त्रास होत असेल तर तेही दिवस त्यातच बसवा.

कधीकधी चौथ्या आठवड्याची वाट न बघता थांबावं लागतं. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. दोन-तीन दिवस ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त येत असेल, झोप लागत नसेल, चिडचिड होत असेल, तर हलके दिवस लगेच सुरू करा. आणि नडगीवर एका बोटानं दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, चालतानाही दुखत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांकडे जा. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत दिसतेच असं नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच धावायला जाऊ नका.

हलक्या आठवड्यात धावणं कमी करायचं, जेवण नाही. झीज भरून काढायला भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दूध लागतंच. पोटाला कमी पडत राहिलं तर पाळी लांबते, बंद होते आणि हाडं ठिसूळ होतात. धावणाऱ्या मुलीची पाळी थांबली तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवाच. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर कितीही विश्रांती घेतली तरी दम लागणार. आरोग्य केंद्रात तपासून घ्या. लोहाच्या गोळीबरोबर किंवा जेवणाबरोबर चहा नको, लिंबू चालेल.

शेवटचा हलका आठवडा चाचणीच्या किंवा शर्यतीच्या आधीचा. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावून गोळाफेकही करायची असते. त्या आठवड्यात नवी ताकद येत नाही, आहे ती ताजी ठेवायची असते.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आठवा. मुंबई मॅरेथॉनचं 42 किलोमीटर पळणारी ही मुलगी पुढे 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळली. 2014 साली आशियाई क्रीडा स्पर्धेत तिनं कांस्य मिळवलं, 2015 साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून ती दहावी आली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी भारताची धावपटू वैयक्तिक शर्यतीत तिथवर पोचली. एवढा पल्ला एका हंगामात होत नाही, वर्षानुवर्षं पाय शाबूत राहावे लागतात.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला येताना धावणाऱ्या लेकीला आणि भिंतीवरची दिनदर्शिका दोन्ही घेऊन या. दर चौथ्या आठवड्याभोवती एक गोल काढा. त्या आठवड्यात तिची घागर कोण उचलणार, तेही तिथंच ठरवा.