नको असलेली स्वायत्तता

१९२० चा जून महिना. मारीहाम्न या छोट्या बंदरगावात फिनलंड सरकारने दोघांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक केली. एक होते युलियुस सुंडब्लूम, 'ओलांड' या स्थानिक वृत्तपत्राचे संपादक आणि दुसरे कार्ल ब्योर्कमन. जेमतेम दोन वर्षांनी, ९ जून १९२२ रोजी, ओलांड बेटांच्या पहिल्या संसदेची पहिली बैठक भरली. सभापती झाले सुंडब्लूम आणि पहिल्या सरकारचे प्रमुख ब्योर्कमन. आणि ही संसद त्या दोघांनी मागितलेलीच नव्हती! त्यांना हवं होतं ते वेगळंच.

स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या समुद्रात हजारो बेटं आणि खडक विखुरले आहेत, तो हा ओलांड. इथली भाषा स्वीडिश. १८०९ साली स्वीडनने युद्धात फिनलंड गमावला, त्याबरोबर ही बेटंही रशियाच्या झारकडे गेली. पुढे शंभरेक वर्षांनी झारशाही कोसळली आणि ओलांडच्या लोकांनी संधी ओळखली. ऑगस्ट १९१७ मध्ये फिन्स्त्रोम इथल्या लोकशाळेत गावोगावचे प्रतिनिधी गुपचूप जमले आणि ठरलं: परत स्वीडनमध्ये जायचं. मग त्यांनी बेटाबेटांवरून सह्या गोळा केल्या. ७,१३५ प्रौढांनी सही केली, म्हणजे बेटांवरची जवळजवळ सगळी मोठी माणसं. ते निवेदन स्वीडनच्या राजाकडे गेलं.

अडचण एवढीच की डिसेंबर १९१७ मध्ये फिनलंडही स्वतंत्र झाला होता. नुकताच जन्मलेला देश आपल्या अंगणातली बेटं कशी सोडेल? फिनलंडने तोडगा काढला आणि मे १९२० मध्ये ओलांडसाठी स्वायत्ततेचा कायदा केला. ओलांडकरांनी तो साफ नाकारला. त्यांना वेगळी संसद नको होती, स्वीडन हवा होता. अटका झाल्या त्या याच ताणातून.

वाद नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रसंघापुढे गेला. २४ जून १९२१ रोजी निकाल लागला: बेटं फिनलंडचीच, मात्र तिथली भाषा आणि संस्कृती जपण्याची हमी फिनलंडने द्यायची. ऑक्टोबरमध्ये दहा देशांनी आणखी एक करार करून बेटं लष्करमुक्त आणि तटस्थ ठेवण्याचं मान्य केलं. निकाल ओलांडकरांच्या जिव्हारी लागला, यात नवल नाही. इतक्या सह्यांचं मोल शून्य, असंच त्यांना वाटलं असणार.

पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. रुसून बसण्याऐवजी त्यांनी निवडणूक घेतली, संसद बसवली आणि हमीच्या एकेका कलमाचा पुरेपूर उपयोग केला. ही कलमंही मोठ्या विचाराने लिहिलेली होती. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत शिकवायचं स्वीडिशमधूनच. बाहेरच्याने जमीन विकत घेतली, तर ती किंमत मोजून परत घेण्याचा हक्क ओलांडकरांना. फिनलंडच्या इतर भागांतून येऊन राहणाऱ्याला स्थानिक मताधिकार पाच वर्षांनंतरच. भाषा आणि जमीन यांचा संबंध किती घट्ट असतो, हे त्या कलमांच्या कर्त्यांना नेमकं कळलं होतं. जमीन हातची गेली की शाळा ओस पडायला वेळ लागत नाही.

यातलं मला सर्वांत आवडलेलं कलम राज्यपालांविषयीचं आहे. फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष ओलांडवर राज्यपाल नेमणार, पण ओलांडच्या सभापतीशी एकमत करूनच. एकमत झालं नाही, तर ओलांडच्या संसदेने सुचवलेल्या पाच नावांतूनच निवड करायची. म्हणजे ज्या सुंडब्लूमना फिनलंडने देशद्रोही म्हणून पकडलं होतं, त्यांच्याच संमतीची गरज आता फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षाला पडू लागली.

सुंडब्लूम त्या खुर्चीवर १९४५ साली मृत्यू येईपर्यंत राहिले. ब्योर्कमन १९३८ पर्यंत सरकारचे प्रमुख होते. आणि ९ जून हा दिवस ओलांड आजही स्वायत्तता दिन म्हणून साजरा करतो.